न धुतलेला आवाज

रेडिओवर बातम्या वाचणारी बहीण घरात असली की एक मोठा तोटा होतो. देशात काहीही बिघडलं की त्याचा जाब तिला विचारला जातो. धाकटीचं अगदी तसंच होतं. सुट्टीच्या दिवशी ती थोरल्या बहिणीकडे जेवायला गेली की भाऊजी पहिला घास तोंडात घालायच्या आत सुरू करत. "तुमचा रेडिओ म्हणजे सरकारचा पोपट." खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. ते जिन्यात भेटले की बरोबर उलटं म्हणत. त्यांच्या मते हा सार्वजनिक रेडिओ सरकारच्या मुळावर उठला होता आणि लोकांच्या करातून विरोधकांची तळी उचलत होता. दोघंही एकच बातमीपत्र ऐकत, एकाच वेळी, एक वर आणि एक खाली, आणि दोघांनाही त्यात आपल्यावरच अन्याय झालेला ऐकू येई.

धाकटीकडे यावर तयार उत्तर होतं. ते मुळात तिचं नव्हतं, तिच्या वार्ताप्रमुखांचं होतं. "दोन्हीकडून शिव्या येतात ना, म्हणजे आपण मधोमध आहोत." प्रमुख हे वाक्य नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत, आणि धाकटीने ते घरात इतकी वर्षं वापरलं होतं की थोरलीच्या मुलीलाही पाठ झालं होतं. भाऊजी त्यावर म्हणत, "मधोमध तर खांबही असतो. त्याचा उपयोग काय, तर येणाऱ्याजाणाऱ्याने डोकं आपटायचं." मग सगळे हसत आणि विषय बदले.

थोरली हसायची, पण बाजू नेहमी बहिणीची घ्यायची. "ही आहे ना तिथं," ती नवऱ्याला म्हणायची, "मग खोटं कसं येईल?" प्रमुखांच्या वाक्यापेक्षा धाकटीला हे वाक्य जास्त आवडायचं. ते ऐकलं की तिला आपण फार चांगलं काम करतो असं वाटायचं, आणि ऑफिसात कुणी तसं कधी म्हणत नसल्यामुळे ते ऐकायलाच ती जेवायला येत असावी.

थोरली स्वतःही आवाजाच्याच धंद्यात होती म्हणायचं. रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षात ती फोन घ्यायची. लोक रडत, ओरडत, पत्ता सोडून बाकी सगळं सांगत, आणि ती त्यांच्याकडून पत्ता काढून घ्यायची. लहानपणापासून तिला थांबून बोलायची सवय. प्रश्न आधी आत जाऊ द्यायचा, तो तळाला बसू द्यायचा, मग उत्तर. आई वैतागून म्हणायची, "हिला हाक मारावी आणि भाजी निवडायला बसावं. भाजी निवडून होते तेव्हा ओ येते." फोनवर मात्र त्या थांबण्याचाच गुण यायचा. समोरचा माणूसही नकळत थांबायचा, श्वास घ्यायचा, आणि मग त्याला आपली गल्ली आठवायची.

एका दुपारी बाजारातला एक दुकानदार छातीला हात लावून खाली बसला. सुनेने फोन केला, थोरलीने घेतला, पत्ता नीट उतरवला आणि वायरलेसवर गाडी मागितली. गाडी नव्हती. त्या भागातल्या दोन्ही गाड्या एका नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला नेऊन उभ्या केल्या होत्या, पाहुण्यांपैकी कुणाला चक्कर आलीच तर असाव्यात म्हणून. चक्कर कुणालाच आली नाही. दुकानदार मात्र गेला. गाडी पोचली तेव्हा लोकांनी दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेवेच्या संचालकांनी सांगितलं की गाडी जागेवरच होती, फोन घेणाऱ्या बाईंनी ड्रायव्हरला गल्ली चुकीची सांगितली. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड व्हायचं, वायरलेसवरचं होत नव्हतं, आणि गाड्या सभागृहाला नेल्याची कागदावर कुठे नोंद नव्हती. ड्रायव्हरला स्वतःची नोकरी प्यारी होती, त्याने साहेबांच्या हो ला हो केलं. थोरलीला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. चौकशी अंगावर आली तर नोकरी जाणार हे उघडच होतं, पण त्याहून वाईट म्हणजे एक माणूस तिच्या चुकीने मेला असं कायमचं ठरणार होतं. नोकरी जाण्याची तिने मनाची तयारी केली होती. दुसऱ्या गोष्टीची होत नव्हती. जेवताना ती मध्येच विचारायची, "मी बरोबरच सांगितली होती ना गं गल्ली?" आणि मग स्वतःच म्हणायची, "पण सांगणार कुणाला होते? गाडीच नव्हती."

एकच आधार होता. त्या दुकानदाराची सून, जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं, ती ज्याला त्याला सांगत होती की फोनवरच्या बाई फार चांगल्या होत्या, त्यांची चूक असेल असं मला वाटत नाही.

रेडिओने बातमी करायची ठरवली आणि ठरल्याप्रमाणे दोन्ही बाजू घ्यायचं ठरलं. वार्ताहराचा फोन आल्यावर थोरली नको म्हणाली. तेव्हा धाकटी मुद्दाम तिच्या घरी गेली.

"ताई, तू गप्प बसलीस तर लोक म्हणतील, पाणी मुरतंय कुठेतरी."

थोरली थांबली. मग म्हणाली, "मला माइकसमोर बोलता येत नाही. तुझ्यासारखं नाही येत."

"माझ्यासारखं कशाला बोलायचंय? तुझ्यासारखं बोल. कापाकापी मास्तरांच्या हातात आहे."

मास्तर म्हणजे रेडिओचे ध्वनिसंपादक. पूर्वी कुठल्याशा शाळेत गाणं शिकवायचे म्हणून मास्तर. धाकटी नवी लागली तेव्हा तिला माइकसमोर श्वास घेता येत नव्हता, वाक्याच्या मध्यात धाप लागायची. मास्तरांनी तिला काचेपलीकडून हात वर-खाली करून श्वास शिकवला. तिच्या लग्नात ते वडिलांच्या जागी उभे राहिले होते आणि तिच्या बाळंतपणानंतर तिचा आवाज बसला होता तेव्हा रोज घरी येऊन तिच्याकडून स्वर घासून घेत होते. मास्तरांच्या हातात आहे हे तिने सांगितलं, आणि थोरलीने होकार दिला तो तेवढ्यावरच.

नियमाप्रमाणे धाकटीने प्रमुखांना कळवलं की बातमी माझ्या बहिणीची आहे, मी हिच्यापासून लांब राहीन, त्या दिवशी वाचणारही नाही. प्रमुखांनी तिला शाबासकी दिली. मग ती मास्तरांच्या खोलीत गेली. भिंतींना जाड काळा स्पंज, एक खिडकी, तीही कधी न उघडणारी, आणि पडद्यावर आवाजाच्या हिरव्या उंच-बुटक्या रेघा.

"मास्तर, माझी बहीण आहे म्हणून काही वेगळं करू नका हं. एका शब्दाची सवलत नको."

मास्तरांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला. "हे मला सांगायला लागतं होय?"

बातमी लागायची त्या संध्याकाळी धाकटी थोरलीकडेच होती. मुख्याध्यापकही वर आले होते. हातातलं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं, कारण दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो का हे ते नेहमी स्वतः मोजत. भाऊजींनी आवाज मोठा केला.

आधी संचालक बोलले. त्यांचा आवाज इतका सलग आणि स्वच्छ आला की जणू माणूस कागदावरून वाचत असावा, पण कागदाची सळसळसुद्धा नाही. गाडी होती, पत्ता चुकला, घटना दुःखद आहे, दोषींवर कारवाई होईल. कुठे खोकला नाही, 'अं' नाही, वाक्य परत मागे जाऊन धरणं नाही. भाऊजी पुटपुटले, "बोलतो बरा."

मग थोरली आली. वार्ताहराने विचारलं, गाडी वेळेवर का पोचली नाही? आणि त्यानंतर काहीच आलं नाही. खुर्ची करकरली. कुणीतरी आवंढा गिळला. मग एक श्वास, मग "गाडी," मग पुन्हा काही नाही, मग "गाडी नव्हती." पुढचा प्रश्न, पुन्हा तीच पोकळी, पुन्हा आवंढा. ती जे सांगत होती ते खरं होतं, पण ऐकणाऱ्याला वाटावं की बाई प्रत्येक वाक्याआधी काय बनवून सांगावं याचा हिशेब करतेय. उद्घाटनाला उभ्या असलेल्या दोन गाड्यांचं तिने सांगितलंही होतं, पण तिथपर्यंत पोचायच्या आत तिचा वेळ संपला आणि निवेदकाने पुढची बातमी घेतली.

मुख्याध्यापकांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. "वेळ मात्र दोघांना सारखाच दिला," ते म्हणाले. "एका सेकंदाचा फरक नाही. हे मान्य करायला हवं." आणि मग त्यांनी थोरलीकडे ज्या दयाळूपणे पाहिलं, त्यावरून त्यांचा निकाल लागलेला होता हे सगळ्यांना कळलं.

भाऊजींनी रेडिओला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता आवाज बारीक केला. त्यांच्याही मनात एक क्षण काहीतरी येऊन गेलं होतं आणि ते लपवायला त्यांना जागा सापडत नव्हती.

थोरली धाकटीकडे बघत होती. "मी अशी बोलते?"



त्यानंतर नियंत्रण कक्षातल्या मैत्रिणींचे फोन आले. सगळ्या फार प्रेमाने विचारत होत्या, तू घाबरली होतीस का, तुला बरं नव्हतं का. दोन दिवसांनी दुकानदाराच्या सुनेला कुणीतरी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता काय सांगू? रेडिओवर ऐकलं आणि मलाच शंका यायला लागली." हे थोरलीच्या कानावर आलं आणि तिने फोन घेणंच बंद केलं. जन्मभर दुसऱ्यांचे फोन घेणारी बाई, घरात घंटी वाजली की मुलीकडे बघायची.

धाकटी ऑफिसात गेली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. आवाज स्वच्छ करण्याला त्यांच्याकडे 'धुणं' म्हणत. खोकला, धाप, चुकलेली सुरुवात, ओठांचा चपचपाट, सगळं मास्तर एकेक करून काढत, आणि मग "धुवून वाळत टाकलाय" म्हणून बातमी पुढे पाठवत. हा शब्द ती नोकरीला लागल्यापासून ऐकत होती. मास्तर कुणाचे कपडे धुतात आणि कुणाचे तसेच सोडतात, हे विचारायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मास्तर, संचालकांचं धुतलंत. ताईचं का नाही धुतलं?"

मास्तरांनी टाळाटाळ केली नाही. टाळाटाळ केली असती तर तिला निदान भांडता आलं असतं.

"साहेब लोकांचं मी नेहमीच धुतो. नाही धुतलं की दुसऱ्या दिवशी वर फोन येतो, आमच्या साहेबांना मुद्दाम अडखळताना दाखवलं म्हणून. साध्या माणसाचा असा फोन येत नाही. आणि खरं सांगू का पोरी, साधा माणूस जरा अडखळला की खरा वाटतो. ऐकणाऱ्याला ते आवडतं."

"ताई खरी वाटली तुम्हाला?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. "नाही. घाबरलेली वाटली."

"मग?"

"दुसरी कुणी बाई असती तर थोडं आवरून घेतलं असतं मी. फार लांबलेल्या जागा तरी काढल्या असत्या. पण ती तुझी बहीण. उद्या कुणी म्हणालं असतं, वाचणारीच्या बहिणीला झुकतं माप दिलं. वरून तसं बजावून सांगितलं होतं. तूही तेच सांगून गेलीस. म्हणून हात लावला नाही. श्वाससुद्धा काढला नाही एक."

केसाने गळा कापणं म्हणतात ते धाकटीने बातम्यांत बरेचदा वाचलं होतं. कापणारा वर तुलाच म्हणतो की मान तू पुढे केलीस, हे तिला आता कळत होतं. आणि तो माणूस दुष्ट असता तरी चाललं असतं. समोर तर मास्तर बसले होते, चष्मा पुसत, खरोखर दुखावलेले, आपण इतकं काटेकोर काम केलं आणि ही पोरगी चिडतेय याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

"संचालकांचं कच्चं ऐकवा मला."

मास्तरांनी हेडफोन पुढे केले. तिला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

कच्च्या टेपवर संचालक वेगळेच होते. तीनदा सुरुवात केली, तीनदा मोडली. पाणी मागितलं. ग्लास टेबलावर आपटला. वार्ताहराने पुन्हा विचारलं, गाडी का पोचली नाही? त्यावर त्यांनी तोंड माइकपासून फिरवलं असावं, आवाज लांबून आला, पण स्पष्ट आला. "गाडी नव्हती हे आपण सांगणार नाही आहोत ना?" शेजारून त्यांचा सहायक म्हणाला, "नाही साहेब, पत्त्याचं सांगायचंय." मग घसा खाकरला आणि पुढे ते वाक्य आलं जे सगळ्यांनी ऐकलं होतं, गाडी होती, पत्ता चुकला.

धाकटीने हेडफोन काढले. "हे काढलंत तुम्ही? हे?"

"ते आपसातलं बोलणं होतं. उत्तर नव्हतं ते."

"प्रश्न विचारून झाला होता, मास्तर."

तिला टेपची प्रत हवी होती. मास्तर म्हणाले, कच्चा माल बाहेर जात नाही, तुलाच माहीत आहे, प्रमुखांना विचार. ती तशीच जिना चढून प्रमुखांच्या खोलीत गेली.

प्रमुखांनी तिला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मग म्हणाले, "वेळ दोघांना सारखा होता. शब्द त्यांचे त्यांचेच होते. आता तू म्हणतेस त्याप्रमाणे आपण संचालकांचं खासगी बोलणं लावायचं, आणि तेही आपल्या वाचणारीच्या बहिणीसाठी. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते जाऊ दे, साहेब. खरं काय आहे?"

"आपण निष्पक्ष असून भागत नाही. तसं दिसावंही लागतं. बाहेर सगळे टपून बसलेत आपला काटा कुठे झुकतो ते बघायला." मग जरा आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी सांगतो. तू यातून लांब राहा. कर्मचाऱ्याने चौकशीत जाऊन ऑफिसातलं काही सांगितलं तर मला तुला वाचवता येणार नाही."

ती खाली आली तेव्हा मास्तरांच्या पडद्यावर हिरव्या रेघा नव्हत्या. प्रमुखांनी ती जिन्यात असतानाच खाली फोन केला होता.

"पुसलंत?"

"आठवड्याच्या शेवटी पुसतोच," मास्तर म्हणाले. आठवड्याचा शेवट अजून लांब होता. त्याच खोलीच्या काचेपलीकडे ती श्वास घ्यायला शिकली होती, आणि आता तिथे तिला गुदमरल्यासारखं झालं.

चौकशीच्या आदल्या दिवशी तिने थोरलीला सगळं सांगितलं. टेपवर काय होतं, कुणी काढलं, कुणी पुसलं. भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा रेडिओविषयी आपण बरोबर होतो याचा आनंद मानला नाही. थोरली तिच्या सवयीने थांबली. मग म्हणाली, "तू येशील सांगायला?"

"येईन."

"तुझी नोकरी?"

"गेली खड्ड्यात."

हे म्हणताना धाकटीला खरंच हलकं वाटलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची वाक्यं वाचत आली होती, उद्या पहिल्यांदा स्वतःचं एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते तिला तोंडपाठ होतं. थोरलीने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू फक्त ऐकलंस तेवढं सांग. जास्त काही नको."

चौकशीची खोली साधी होती. लांब टेबल, त्यावर तांबड्या झाकणांचे पाण्याचे ग्लास, पलीकडे तीन माणसं. मधले अध्यक्ष वयस्कर, पांढऱ्या भुवयांचे. एका बाजूला संचालक पायावर पाय टाकून बसले होते, दुसऱ्या बाजूला थोरली, तिच्या मागे भाऊजी. धाकटी आत आली आणि अध्यक्षांचा चेहरा उजळला.

"तुमचा आवाज आमच्या घरात रोज असतो," ते म्हणाले. "आमची ही तर म्हणते, बातमी वाईट असली तरी तुमच्या तोंडून ऐकली की बरी वाटते."

धाकटी हसली. खुर्चीत बसताना तिची पाठ आपोआप ताठ झाली, माइकसमोर होते तशी.

तिने टेपवरचं वाक्य सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं, सहायकाचं उत्तरही सांगितलं. संचालकांनी नकारार्थी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. थोरलीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

"शब्द नेमके हेच होते?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"आणि आवाज संचालकांचाच?"

"त्यांचाच वाटत होता."

"वाटत होता?"

"माइकपासून लांबून आला होता."

हे खरं होतं. तिच्या धंद्यात जेवढं पक्कं तेवढंच बोलायचं असतं, आणि इतक्या वर्षांत तिने जिभेला जणू हाडच बसवून घेतलं होतं. आवाज कुणाचा होता याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण शंका नाही असं म्हणायला पुरावा लागतो, आणि पुरावा पुसला होता.

"टेप कुठे आहे?"

"आता नाही."

"दुसऱ्या कुणी ऐकलं?"

"आमच्या ध्वनिसंपादकांनी."

"त्यांना आम्ही विचारलं," अध्यक्ष म्हणाले. "त्यांना असं काही आठवत नाही."

कुठल्या पाहुण्याचा खोकला कोरडा होता आणि कुणाचा ओला, हे मास्तरांना वर्षानुवर्षं आठवायचं. धाकटी थोरलीकडे बघणार होती, पण अध्यक्षांनी पुढे वाकून फार सौम्यपणे विचारलं.

"हे बघा, टेपचं राहू द्या. तुम्ही निष्पक्ष म्हणून ओळखल्या जाता. तुमच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. बहीण म्हणून सांगू नका, तुम्ही म्हणून सांगा. त्या दुपारी गाडी होती की नव्हती?"

धाकटीने श्वास घेतला, बरोबर जिथे घ्यायचा तिथे. आणि तिच्या तोंडून संध्याकाळच्या बातम्यांचा आवाज आला, शांत, सरळ, कुठेही न झुकणारा.

"गाडी उपलब्ध नव्हती, असा माझ्या बहिणीचा दावा आहे. संचालकांनी तो फेटाळला आहे."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

"मी मत देत नाही."

वाक्य तोंडाबाहेर पडलं तेव्हा तिने ते ऐकलं. ते परत घ्यायला तिने तोंड उघडलंही, पण अध्यक्ष प्रसन्नपणे मान डोलावत होते. "हे मला आवडलं," ते दोन्ही सदस्यांकडे वळून म्हणाले. "स्वतःची बहीण समोर बसलेली असताना. आजकाल असं कुणी राहिलेलं नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आमचं विचारून झालं, असं सांगितलं. संचालक तिच्या शेजारून जाताना अदबीने बाजूला झाले आणि तिला आधी जायला वाट दिली.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी थोरली पर्स खांद्याला अडकवत होती. घाई करत होती असंही नाही, रागावली होती असंही नाही. धाकटी जवळ गेली.

"ताई."

"दावा," थोरली म्हणाली.

"सवय गं. तोंडातून निघून गेलं. मला तसं म्हणायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मी आत जाऊन पुन्हा सांगते त्यांना."

"नको. माहितीये मला सवय. रोज ऐकतो आम्ही."

ती जिना उतरायला लागली. भाऊजी मागे राहिले होते, आणि धाकटी वाट बघत होती की आता ते काहीतरी खरमरीत सुनावतील, पोपट म्हणतील, खांब म्हणतील, काहीही म्हणतील. त्यांनी नुसता चष्मा नीट केला. "बरं, येतो आम्ही," ते म्हणाले, परक्या माणसाला म्हणतात तसं, आणि बायकोच्या मागोमाग खाली गेले.